सोन्याचा डोंगर आणि शिरूरचा माळ

(शिरूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दौंड जंक्शनच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला सोन्याची आठवण होण्याचे तसे काही कारण नाही. साखर, कोळसा, धान्याच्या वाघिणी आणि कामासाठी पुण्याकडे निघालेली माणसे, एवढेच तेथे दिसते. परंतु याच रुळांवरून सोलापूर ओलांडून होटगीला दक्षिणेकडे वळले, की विजापूर, बागलकोट, बदामी करीत वाट गदगला पोहोचते. गदगच्या दक्षिणेला डोंगरांची एक रांग सुरू होते आणि सुमारे साठ किलोमीटर पसरत तुंगभद्रेच्या काठाकडे उतरते. तिचे नाव कप्पतगुड्ड. गुड्ड म्हणजे कानडीत डोंगर. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्याच्या धारवाड जिल्ह्यात होता. रांगेच्या पायथ्याचा शिरहट्टी तालुका तर सांगली संस्थानाचा. म्हणूनच या डोंगरातील सोन्याच्या एका जुन्या खाणीला आजही 'सांगली' हेच नाव आहे. मराठी माणसाला हे सहसा ठाऊक नसते. पटवर्धनांचा गणपती त्याला ठाऊक असतो, त्यांची सोन्याची खाण नसते.

जंगल पाहायला जाणे हा आपल्या चळवळीत पूर्वीपासून थोडा संशयाचा विषय राहिला आहे. शिकार हा राजेरजवाड्यांचा छंद होता. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि तो सुस्थितांचा छंद झाला. हा संशय निराधार नाही. तथापि ज्याला संपत्ती कशी निर्माण होते, कोणाकडे जाते आणि मागे काय उरते हे समजून घ्यायचे आहे, त्याने कप्पतगुड्डावर दोन दिवस पायी हिंडावे. अर्थशास्त्राचे चार ग्रंथ जे सांगतील ते तेथील एक सोडलेला खड्डा आणि त्याच्या काठावर चरणारी मेंढरे सांगून जातात.

ज्या रेल्वेने तेथे जायचे तिच्यापासूनच आरंभ करू. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळात विजापूर आणि धारवाडचा मुलूख होरपळून निघाला. धान्य पोहोचवायला वाट नव्हती, हे सरकारला उमगले, आणि सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन या भागात आली ती दुष्काळनिवारणाच्या नावाने. लोखंडी रूळ एकदा आले की ते धान्य आणतात तसे धातूही नेतात. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी डंबळच्या डोंगरातील सोनेयुक्त खडकांवरील आपला निबंध १८७४ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या दोन वर्षे आधीच, प्रसिद्ध केला होता. डंबळचे डोंगर म्हणजेच हा कप्पतगुड्ड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे परकीय भांडवलाच्या कंपन्या उतरल्या, विवरे खणली गेली, यंत्रे आली, आणि पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच तो खेळ बहुतांशी आटोपला. सोने होते, पण ज्या भावात काढावे लागे त्या भावात ते परवडत नव्हते.

कंपन्यांच्या पुष्कळ आधीपासून तेथे सोने काढणारे लोक होते. पावसाळ्यात डोणीच्या ओढ्याला पूर येऊन गेला, की लाकडी पाटीत वाळू घेऊन ती पाण्यात हेलकावत धुणारे जालगार तेथे बसत. दिवसभराच्या श्रमानंतर हाती लागायचा तो सोन्याचा कण. आपल्याकडे सराफाच्या पेढीपुढची धूळ धुऊन पोट भरणारे झारेकरी होते आणि वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुणारे सोनझारी होते. जालगार त्यांचेच सोयरे म्हणायचे. या माणसाला सोने कधी श्रीमंत करून गेले नाही, पण त्याने डोंगरही फोडला नाही. पाऊस जेवढे वाहून आणील तेवढेच त्याचे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो प्रवाहावर जगत होता. कंपनी आली ती साठा उपसायला. या दोहोंतील फरक आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा हिशेब मांडू.

ज्या खडकात टनामागे तीन ग्रॅम सोने असते तो खडक खाणमालकाच्या दृष्टीने वाईट नव्हे. आता दहा ग्रॅमचा एक दागिना घ्या. त्यासाठी तीन टनांहून अधिक खडक फोडावा लागतो, पिठासारखा दळावा लागतो आणि सायनाइडच्या पाण्यात मुरवावा लागतो. दागिना गळ्यात जातो, तीन टन पीठ जागेवरच राहते. कप्पतगुड्डाच्या पट्ट्यात सोने पुष्कळदा सोमलयुक्त खनिजाच्या सोबतीने असते. तेव्हा त्या पिठात काय काय असेल आणि पावसाळ्यात ते कोणत्या ओढ्याला जाऊन मिळेल, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञाची गरज नाही. हा खर्च सोन्याच्या बाजारभावात कोठेही धरलेला नसतो. तो ओढ्याखालच्या विहिरीच्या नावावर पडतो.

याचे मोठ्या प्रमाणावरचे रूप पाहायचे तर कोलारला जावे. जॉन टेलर आणि कंपनीने १८८० मध्ये तेथे काम हाती घेतले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आली ती आधी खाणीला, शहरांना नंतर. खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. प्रारंभी टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक असलेले सोने अखेरीस तीन ग्रॅमच्या आसपास आले. १९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद पडल्या. सव्वाशे वर्षांत निघालेले सोने सुमारे आठशे टन. म्हणजे आज भारत एका वर्षात जेवढे सोने आयात करतो, साधारण तेवढेच. मागे राहिले ते तीन कोटी टनांहून अधिक दळलेल्या खडकाचे ढिगारे. वारा सुटला की ते घराघरांत येतात. तामिळ मुलखातून आलेले दलित मजूर त्या विवरांत उतरले, सिलिकोसिसने त्यांची फुप्फुसे गेली. १९३० मध्ये, ओळख पटविण्यासाठी अंगठ्याचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी मोठा संप केला. मालकी खाजगी होती तेव्हाही ढिगारे वाढले, सरकारी झाली तेव्हाही वाढले. आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. राष्ट्रीयीकरणाने नफ्याचा धनी बदलतो, दळलेल्या खडकाचा स्वभाव बदलत नाही. ढिगाऱ्यांची विल्हेवाट हा उत्पादनखर्चाचाच भाग आहे, असे सरकारी खाणीच्या हिशेबातही कोणी लिहिले नाही.

कप्पतगुड्ड या गतीतून वाचला तो गरिबीमुळे. सोने कमी, म्हणून कंपन्या गेल्या. विवरांवर झुडपे वाढली. लांडगा, तरस, कोल्हा, साळिंदर, बिबट्या, काळवीट, मोर आणि चार शिंगांचा तो लाजरा चौशिंगा यांनी डोंगर पुन्हा आपलासा केला. उंच वृक्षांचे अरण्य तेथे नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे ताडोबा आहे तो निराश होईल. खुरटी काटेरी झाडी, गवताळ उतार, माथ्यावर पवनचक्क्या आणि वैदूंनी नावाजलेल्या औषधी वनस्पती, असे त्याचे रूप आहे. आपल्या शिरूर-दौंडच्या माणसाला ते परके वाटणार नाही. सुप्याच्या माळावर चिंकारा ज्या गवतात उभा असतो, तेच गवत, तोच खडक.

२००० नंतर सोन्याचे भाव चढत गेले आणि जे परवडत नव्हते ते परवडू लागले. खाणकंपन्यांची नजर पुन्हा या डोंगराकडे वळली. येथून पुढची कथा कार्यकर्त्यांनी बारकाईने ऐकावी अशी आहे.

गदग जिल्ह्याला लढ्याची परंपरा आहे. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठून फासावर गेलेले नरगुंदचे बाबासाहेब भावे याच भागातले. त्याच नरगुंदला जुलै १९८० मध्ये मलप्रभा धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकरी, शेतात नीट पाणी पोहोचण्यापूर्वीच लादलेल्या सुधारणा-आकाराविरुद्ध उठले. गोळीबार झाला आणि ती ठिणगी साऱ्या कर्नाटकात पसरली. पुढे दक्षिण कोरियाच्या पॉस्को कंपनीच्या पोलाद कारखान्यासाठी मुंडरगी तालुक्यातील हळ्ळिगुडी परिसरातील जमीन संपादन करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि जुलै २०११ मध्ये सरकारला ते संपादन सोडून द्यावे लागले. मठाधिपती शेतकऱ्यांचे पुढारीपण करतो हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्याव्यात. परंतु त्या वेळी आपले पक्ष तेथे कोठे होते, हा प्रश्नही सोबतच विचारावा.

डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक सरकारने कप्पतगुड्डाला 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून घोषित केले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तीच घोषणा मागे घेतली. कारण असे देण्यात आले की स्थानिक लोकांचे मत घेतले नव्हते. लोकमताची एवढी चाड सरकारांना एरवी खाणपट्टा देताना नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गदगला अहोरात्र धरणे धरले गेले. त्याच्या अग्रभागी सिद्धलिंग स्वामीच होते. डोणीच्या नंदिवेरी मठाचे स्वामी तर या डोंगरासाठी पूर्वीपासूनच झटत होते. एप्रिल २०१७ मध्ये घोषणा पुन्हा जारी झाली आणि मे २०१९ मध्ये सुमारे २४४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले.

या दोन संज्ञांत फरक आहे आणि तो कारकुनी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा प्रकार आला. त्यात स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते, व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, चराईसारखे नेहमीचे व्यवहार एकदम तुटत नाहीत. अभयारण्यात मात्र लोकांचे हक्क जिल्हाधिकारी चौकशी करून ठरवितो. संरक्षण अधिक कडक, आणि खाणीला अडथळाही अधिक मोठा. अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाण नको, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ च्या आदेशातही कायम ठेवले. म्हणजे धनगराच्या दृष्टीने पहिला प्रकार बरा आणि खाण थोपविण्याच्या दृष्टीने दुसरा. डोंगराखालच्या मेंढपाळाला हे कोडे रोज सोडवावे लागते. २०२४ मध्येही अभयारण्याभोवतीच्या खाणींचे प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळापुढे आले होते, तेव्हा कोडे अजून सुटलेले नाही.

अभयारण्याची रेघ आंधळेपणाने ओढली की काय होते, हे आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याला विचारावे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार वर्षानुवर्षे अडकले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. तोवर शेतकऱ्याच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयी वैर निर्माण झाले होते आणि माळढोक तर जवळजवळ नाहीसा झाला. उलट कर्जतजवळ रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य अवघे दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सुप्याचे मयूरेश्वर पाचच्या आसपास. ही छोटी क्षेत्रे टिकली. मोराची चिंचोली तर आपल्याच तालुक्यात. तेथे मोर राखले ते सरकारी रेघेने नव्हे, गावाने.

आता कोणी विचारील की गदगच्या सोन्याचा शिरूरला काय उपयोग? आपल्याकडे सोने नाही हे खरे, पण वाळू आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या पात्रातून रात्री-अपरात्री निघणारी वाळू हे या दोन तालुक्यांचे सोने आहे. डोणीचा जालगार पाटीने वाळू धुवीत असे, येथे बोटीवर बसविलेले यंत्र ती शोषून घेते. महसूल खात्याने जिलेटिन लावून बोटी उडवाव्यात आणि चार दिवसांनी नव्या बोटी पात्रात उतराव्यात, हा खेळ दौंडच्या लोकांना पाठ आहे. लहान क्षेत्रातील गौण खनिजालाही पर्यावरण परवानगी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये राज्य सरकारने सहाशे रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले. दर ठरविल्याने वाळू तयार होत नाही. नदी वर्षाला किती वाळू आणते याचे मोजमाप आधी हवे, परवाना नंतर. धरणांनी गाळ वर अडवून धरल्यावर खालच्या पात्रात नवी वाळू येणार कोठून? येथेही प्रवाह संपला आणि आपण साठा खातो आहोत. पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी त्याबरोबर खाली उतरते.

आणि बिबट्या. हा शब्द शिरूरमध्ये सहज उच्चारता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड आणि आसपासच्या गावांनी लहान मुले गमावली. त्या घरांपुढे जाऊन निसर्गाच्या समतोलावर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु हा बिबट्या आला कोठून, हे तर समजून घ्यावे लागेल. कुकडी, घोड, चासकमान यांचे पाणी आले, त्यावर ऊस आला. बारा महिने उभे राहणारे, माणसाला न दिसणारे, पाण्याने भिजलेले रान बिबट्याच्या पिढ्यांनी घर म्हणून स्वीकारले. त्याला जंगलातला पाहुणा समजणे चूक आहे. तो आपल्या सिंचनधोरणाचे अपत्य आहे. धरणांना सार्वजनिक पैसा, उसाला पाणी, कारखान्याला साखर, आणि जोखीम कोणाला? पहाटे उसात कोयता घेऊन उतरणाऱ्या तोडणी कामगाराला, ज्याच्या कोपीला दार नसते आणि ज्याचे मूल फडाच्या कडेला निजलेले असते. पूर्वी पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याचा उपाय झाला. जुन्नरच्या अनुभवावर वन्यजीव-अभ्यासकांनी जे संशोधन केले त्यातून असे दिसले, की अशा स्थलांतरानंतर नव्या ठिकाणी हल्ले वाढतात. तेव्हा पिंजरे मागणे स्वाभाविक असले तरी मागणी तेथे थांबू नये. तोडणी कामगारांना बंद होणारा निवारा, वस्तीवर दिवसा वीज आणि रात्री उजेड, आणि त्याचा खर्च साखरेच्या हिशेबात, ही मागणी कारखान्याच्या दारात न्यायला हवी.

पुन्हा कप्पतगुड्डाकडे वळू, कारण हिशेबाचा एक भाग राहिला. सोन्यावरील स्वामित्वधन २०१४ पासून किमतीच्या चार टक्के आहे. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. लिलावाने दिलेल्या खाणीतून स्वामित्वधनाच्या दहा टक्के एवढी रक्कम खाणबाधितांसाठी त्याकडे जाते. लिलावाचे अधिमूल्य असते ते राज्याच्या तिजोरीत. म्हणजे शंभर रुपयांच्या सोन्यातून डोंगराच्या पायथ्याच्या माणसाच्या नावाने निघतात चाळीस पैसे. तेही त्याच्या हाती नव्हे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीच्या हाती. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगराभोवतालच्या माडियांशी बोलताना हे गणित बरोबर न्यावे. 'विकास येतो आहे' हे त्यांना वरचेवर सांगितले जाते. चाळीस पैशांचे हे गणित त्यांना मांडून दाखविणारा मात्र सहसा कोणी नसतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात जावे. डंबळला उतरून दोड्डबसप्पाचे ताऱ्याच्या आकाराचे देऊळ पाहावे. १०९५ मधील शिलालेखात तेथील बौद्ध विहाराचा आणि तारादेवीच्या मंदिराचा उल्लेख आहे. पुढे डोणीला जावे, आणि गावात प्रथम मेंढपाळांना भेटावे, वनखात्याच्या चौकीत नंतर. जुन्या विवरांच्या तोंडाशी फार जवळ जाऊ नये, काठ ढासळतात. आणि परतताना शिरहट्टी तालुक्यातील मागडीच्या तळ्यावर सकाळ काढावी. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तेथे हजारोंनी उतरतात आणि काठच्या शेतांत चरतात. २०२४ मध्ये त्या तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे गावकऱ्यांनीच ते पक्षी राखले होते. हेच पट्टकादंब हिवाळ्यात आपल्या भिगवणच्या पाण्यावरही दिसतात. दौंडहून लोकल गाडीने तासाभरात तेथे पोहोचता येते.